जास्वंदीच्या कळ्या का गळतात?

प्रश्न : घोडबंदर रोडला आमच्या गॅलरीत १२ इंची कुंडीत जास्वंद आहे. जुलैपासून पाने पिवळी पडताहेत, कळ्या उमलण्याआधीच गळतात. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे काहीतरी दिसते. दोनदा चमचाभर डीएपी खत घातले, फरक नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : डीएपी आधी थांबवा. मुळे धड नसली की झाड खत उचलत नाही. मातीत क्षार साचतात आणि उरलीसुरली मुळेही करपतात. तुमच्या जास्वंदीला बहुधा दोन दुखणी एकदम जडली आहेत.

पहिले पाण्याचे. कुंडीखाली ताटली असेल तर आजच काढा. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मातीत बोट दोन पेरे खुपसा. गच्च ओल लागली, आंबूस वास आला, तर झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढून पाहा. मुळे पांढरी, टणक असतील तर गोळा तसाच परत ठेवा, फक्त कुंडीची भोके मोकळी करा. तपकिरी, लिबलिबीत असतील तर कात्री स्पिरिटने पुसून तेवढी कापा आणि दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत अशा मिश्रणात झाड पुन्हा लावा. कमी मुळांवर एवढा पसारा पोसला जात नाही, म्हणून फांद्या एक तृतीयांश छाटा. आठ-दहा दिवस उजेडात पण उन्हाआड ठेवा. नवी फूट येईपर्यंत खत नको. मोठ्या कुंडीचा मोहही नको, तिच्यातली माती लवकर वाळत नाही.

दुसरे किडीचे. पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. ते कोवळ्या शेंड्यांचा रस शोषतात, कळ्या त्यानेही गळतात. फार माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. बाकीचे पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मग भांडी घासायचे लिक्विड १ ते २ मिलि आणि कडुनिंबाचे तेल ५ मिलि एकत्र घोटून १ लिटर कोमट पाण्यात मिसळा. साबणाशिवाय तेल पाण्यावर तरंगते. ऊन उतरल्यावर पानांच्या खालून आणि बेचक्यांत फवारा. कापसात अंडी असतात, म्हणून एका फवारणीवर भागत नाही; दर सहा-सात दिवसांनी तीन-चार वेळा करा. झाडावर मुंग्या असतील तर त्यांचाही बंदोबस्त हवा. ढेकणांच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या ढेकूण खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. त्या चढू नयेत म्हणून कुंडी भिंतीला टेकू देऊ नका.

बाप्पाच्या जास्वंदीची घाई समजते, पण कळ्या टिकायला महिना-दीड महिना जाईल.

प्रश्न : मोगऱ्याला पाने भरपूर, फूल एकही नाही. गॅलरी उत्तरेची आहे. – एक वाचक, नेरूळ

उत्तर : मोगऱ्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते, उत्तरेच्या गॅलरीत खत कितीही घाला, पानेच वाढतील. सोसायटी परवानगी देत असेल तर कुंडी गच्चीवर न्या. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जानेवारीअखेर आठ-दहा दिवस पाणी कमी करून फांद्या एक तृतीयांश छाटा, मग दोन मुठी शेणखत घालून नेहमीसारखे पाणी सुरू करा. गच्ची मिळत नसेल तर मोगरा ऊन असलेल्या शेजाऱ्यांना देऊन तुमच्या गॅलरीत सावलीत वाढणारी पीस लिली लावावी.