जागा सांग

प्रिय पोरी,

मित्राचं रिमिक्स आवडलं नाही, तसं सांगितलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून ‘मामा, तुम्हीच ऐका’ म्हणत फाइल माझ्याकडे ढकललीस. तिकडे निपाणीत तो तीन दिवस तुझ्या उत्तराची वाट बघतोय आणि तू त्याला नुसता अंगठा पाठवून गप्प आहेस. अंगठा! त्यापेक्षा शिवी बरी.

कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले म्हणून आपल्या भागात ज्याला त्याला कान असतो, असा एक समज आहे. असेलही. पण ऐकलेलं बोलून दाखवायची वेळ आली की सगळे ‘मस्त’ म्हणून मोकळे होतात.

तर जागा सांग. गाणाऱ्यानं जागा घेतली की आपण मान डोलावतो ना, तशी बिघाडाचीही जागा असते. मिनिट आणि सेकंद सांग. ‘मजा नाही आली’ हे ऐकून तो काय करणार? कुठला ट्रॅक उघडणार?

आधी मूळ ऐक. त्यानं घेतलीय ती १९८५च्या सुपर मारियो या व्हिडिओ गेममधली पाण्याखालची धून, संगीतकार कोजी कोंडोंची. ती तीनाच्या चालीत आहे, वॉल्ट्झ. आपल्या दादऱ्यासारखी झुलते. तो गेम चालायचा त्या निन्टेंडोच्या मशीनच्या चिपमध्ये आवाजाचे पाचच चॅनेल: सुरांसाठी दोन पल्स आणि एक ट्रँगल, खरखरीसाठी एक नॉइज आणि एक सॅम्पलसाठी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्यांसाठी. त्यातल्या ट्रँगलचा आवाज कमीजास्तही करता येत नाही, एक तर चालू नाही तर बंद. खालचा बास त्याच्यावर. एवढ्यात त्या माणसानं पाणी हलवून दाखवलं. तुझ्या मित्रानं चाल चाराची केली आणि दर मात्रेला किक (ड्रमचा जाड ठोका) ठोकली. करू दे, रिमिक्स आहे. पण ४७व्या सेकंदाला किक येते आणि धूनचं झुलणं तिथंच मरतं. ही जागा. तिथून पुढं किक आणि बास एकाच पट्ट्यात भांडतात. विसर्जनाला कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर दोन मंडळांचे साउंड शेजारी आले की छातीत नुसतं धडधडतं, गाणं कुठलंच कळत नाही, तसं. किक पडताना बास थोडा खाली घे, म्हणजेच साइडचेन लाव, असं सांग. पण कुठं ते सांग. आणि हे सगळं हेडफोन लावून ऐक. मोबाईलच्या स्पीकरला खालचा बास येतच नाही, मग भांडण तुला कळणार कसं?

आता माझं ऐक. १९९८ साली आमच्या ऑर्केस्ट्रात केबल गुंडाळणाऱ्या एका पोरानं कॅसेट आणली होती. टीव्ही गेमची धून त्यानं कॅसिओवर बसवली होती, खाली ढोलकी. मी ऐकली आणि म्हणालो, ‘बरं आहे, अजून मेहनत कर.’ तो म्हणाला, ‘कुठं?’ मी हसलो आणि चहा मागवला. पुढच्या कार्यक्रमाला तो आला नाही. आता त्याचं खानापुरात इलेक्ट्रिकचं दुकान आहे, वायर मी त्याच्याकडूनच घेतो. बिल नीट करतो, दोन रुपये सोडतोही. त्या कॅसेटचा विषय त्यानं कधी काढला नाही, मीही नाही.

चूक माझी. पण त्या आठवड्यात आमचे चार कार्यक्रम होते, झोप नव्हती, आणि खरं सांगू? कॅसेट वाईटच होती. होतीच. फक्त ती कुठं वाईट होती ते मला आजही सांगता येणार नाही, कारण मी नीट ऐकलीच नव्हती. ‘मेहनत कर’ असं कोण म्हणतं माहीत आहे? ज्याला जागा सापडलेली नसते तो.

तेव्हा उद्यापर्यंत त्याला लिही. गोड लिहू नकोस, कडूही नको. १ मिनिट १० सेकंदांपासून तोच तुकडा चारदा येतो आणि काहीच बदलत नाही, हेही लिही. खेळात धून फिरत राहिली तरी चालते, तिथं खेळणारा पुढं सरकत असतो. इथं कोण सरकतंय?

आणि २ मिनिटं ५ सेकंदांवर त्यानं सगळं काढून एकटा नॉइज ठेवलाय, ओढ्यात पाय घातल्यासारखा. ते मी तीनदा मागं घेऊन ऐकलो. (‘ऐकलो’च. पुण्याचे हसू देत.) हे मात्र माझ्या नावावर सांगू नकोस. तुला ऐकू आलं तरच सांग.

तुझा,
मामा