उत्तर: समोरच्या संघाच्या डोक्याशी खेळून सामने जिंकणारा बास्केटबॉल प्रशिक्षक खरंच कुणी होता का?

होता की! एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या बॉस्टन सेल्टिक्स संघाचा रेड आवरबॅक. 1957 ते 1966 या काळात नऊ विजेतेपदं, त्यातली शेवटची आठ सलग.

त्याची सिगार प्रसिद्ध आहे. सामना खिशात आला असं वाटलं की घड्याळ चालू असतानाच हा बाकावर रेलून सिगार पेटवायचा. मला विचाराल तर ही त्याची सगळ्यात स्वस्त चाल. परगावचे प्रेक्षक त्यामुळे आणखी खवळायचे आणि ते झेलायला लागायचं खेळाडूंना. त्याच्याच संघातल्या बॉब कूझीला ती सिगार मुळीच आवडत नसे.

पाहुण्या संघाच्या खोलीचं प्रकरण जास्त मजेदार. बॉस्टन गार्डनमध्ये, म्हणजे सेल्टिक्सच्या घरच्या स्टेडियममध्ये, आंघोळीला गरम पाणी येत नाही, गरमीच्या दिवसांत हीटर चालू असतो, अशा तक्रारी सगळे करायचे. इमारत 1928 सालची, एसी नाही, त्यामुळे दरवेळी यामागे रेडच असेल असं नाही. पण नळाखाली कुडकुडत त्याला शिव्या घालणाऱ्याचं डोकं सामन्यात कुठून असणार? 1984 च्या अंतिम मालिकेत गार्डनमध्ये पारा 97 अंश फॅरनहाइटवर गेला, प्रतिस्पर्धी लॉस एंजेलिस लेकर्स संघाचा खेळाडू करीम अब्दुल-जब्बार बाकावर ऑक्सिजनचा मास्क लावून बसला, आणि संशय पुन्हा रेडवरच. तोवर त्याला प्रशिक्षकपद सोडून अठरा वर्षं झाली होती!

कधीकधी अंगाशीही यायचं. 1957 च्या अंतिम मालिकेत सेंट लुइसला बास्केटची उंची चुकीची आहे म्हणून त्याने ती मोजायला लावली. उंची बरोबर निघाली. यजमान संघाचे मालक बेन कर्नर चिडून अंगावर आले, तर याने त्यांना ठोसाच लगावला. दंड झाला 300 डॉलर.

पण त्याची खरी उस्तादी दिसली 1966 मध्ये. अंतिम मालिकेचा पहिला सामना लेकर्सनी बॉस्टनमध्ये येऊन, जादा वेळेत जिंकला. त्यानंतर लगेच रेडने जाहीर केलं की पुढच्या हंगामात प्रशिक्षक सेल्टिक्सचाच खेळाडू बिल रसेल. एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक! दुसऱ्या दिवशी पेपरांत सगळीकडे रसेल, लेकर्सचा विजय कुठल्या कुठे. सेल्टिक्सनी पुढचे तीन सामने ओळीने घेतले आणि सातवा, निर्णायक सामना 95-93 असा जेमतेम काढला.

घोषणेची वेळ साधलेली होती, निवड मात्र पक्की होती. रसेलने प्रशिक्षक म्हणून 1968 आणि 1969 ची विजेतेपदं मिळवली, तीही स्वतः मैदानात खेळून.