‘लॉ फर्ममध्ये गेले आणि कळलं, मला काहीच येत नाही’

उन्हाळ्याची सुट्टी संपून विधी महाविद्यालये सुरू झाली, की एकच तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते. कोणी सांगलीहून पुण्यात शिकायला आलेला असतो, कोणी जालन्याहून; बहुतेकांच्या घरात काळा कोट पहिल्यांदाच येणार असतो. सुट्टीत मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या लॉ फर्ममध्ये चार आठवड्यांची इंटर्नशिप करून ही मुले परततात आणि सांगतात, ‘तिथे गेल्यावर कळलं, मला काहीच येत नाही.’ कारणे वेगवेगळी असतात. कोणाला आपले इंग्रजी कच्चे वाटते, कोणाला आपले महाविद्यालयच सामान्य वाटते, कोणाचा सगळा महिना झेरॉक्स काढण्यात आणि पानांना क्रमांक घालण्यात गेलेला असतो. निष्कर्ष मात्र ठरलेला असतो, की वकिली हे आपले क्षेत्र नव्हे. मुलांच्या पाठोपाठ पालकांचे फोन येतात, की महिन्याभरापूर्वीपर्यंत उत्साहाने बोलणाऱ्या मुलीला असे काय झाले. या सर्वांना एकत्र उत्तर द्यावे, म्हणून एका विद्यार्थिनीची हकीगत तिच्या परवानगीने येथे मांडत आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला आपण वैष्णवी म्हणू. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची तीन वर्षे पूर्ण झालेली, गाव सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे, शालेय शिक्षण मराठी माध्यमातून. फर्म मुंबईच्या फोर्ट भागात होती, आणि ती डोंबिवलीला मावशीकडे राहून रोज लोकलने जात असे. पहिल्याच भेटीत तिने निर्णय झाल्यासारखे सांगितले, “मॅडम, मी लॉ सोडून स्पर्धा परीक्षेची तयारी करते.”

झाले होते ते असे. दुसऱ्या आठवड्यात एका असोसिएट वकील बाईंनी तिला मुदतीच्या कायद्यासंबंधीचा, म्हणजे दावा किती काळात दाखल करायला हवा यासंबंधीचा, एक प्रश्न शोधायला दिला. तिने दोन दिवस राबून अकरा पाने तयार केली. बाईंनी पहिले पान वाचले, पुढचे चाळले, इंग्रजीत एक वाक्य उच्चारले आणि तो प्रश्न शेजारी बसलेल्या दुसऱ्या इंटर्नकडे सोपवला.

“त्या नेमकं काय म्हणाल्या?” मी विचारले.

“म्हणाल्या, मी हे विचारलं नव्हतं.”

“आणि तू काय ऐकलंस?”

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तुला काहीच येत नाही.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली आणि जी महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली, तिच्यावर माझा विश्वास आहे आणि माझे काम तिच्याच आधाराने चालते. तिचे सार मी विद्यार्थ्यांना साध्या शब्दांत सांगते, की घटना आणि तिच्यामुळे झालेले दुःख यांच्या मध्ये आपण स्वतःशी उच्चारलेले एक वाक्य असते, आणि बहुतेक वेळा ते वाक्य आपण कधी तपासलेलेच नसते. बाईंनी उच्चारलेले आणि आपण ऐकलेले ही दोन वाक्ये वैष्णवीला पहिल्याच भेटीत वेगळी दिसली, पण दिसणे आणि पटणे यांत अंतर असते. ‘तू हुशार आहेस’ असे तिला सांगून उपयोग नव्हता, कारण अशा कौतुकाला ही मुले मनातल्या मनात ‘मॅडम म्हणणारच’ असे उत्तर देऊन मोकळी होतात. नियमांची आठवण करून देणेही पुरेसे ठरले नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडिया) २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने एकूण किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने १२ आठवडे इंटर्नशिप करायची असते, आणि एका वर्षात ती सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त असू नये असे बंधन आहे. म्हणजे वकील, न्यायाधीश, स्वयंसेवी संस्था, कंपन्या अशी निरनिराळी कामाची ठिकाणे थोडी थोडी पाहावीत, हेच नियमाला अपेक्षित आहे. वैष्णवीला हा नियम तोंडपाठ होता. तरीही ती म्हणाली, “पण मॅडम, बाकीच्यांना येत होतं.”

तिसऱ्या भेटीत मी तिला सांगितले, की वाईट दिवसाबद्दल आपण पुष्कळ बोललो. आज एखाद्या अगदी साध्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काम केलेस, ते सांग. पक्षकाराची ओळख पटेल असे काही सांगू नकोस, हेही बजावले, कारण ती गुप्तता पाळणे हा तिच्या पेशाचा पहिला धडा आहे. तिने तिसऱ्या आठवड्यातला एक दिवस निवडला. फर्मकडे रायगड जिल्ह्यातल्या एका जमिनीच्या मालकी हक्काची तपासणी आली होती. जुन्या फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कांत झालेल्या बदलांच्या नोंदींच्या, हस्तलिखित नकलांचा गठ्ठा समोर होता आणि टीममधल्या बहुतेकांचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेले असल्याने ते अक्षर कोणाला लागत नव्हते. मराठी वाचता येते म्हणून वैष्णवीला प्रत्येक नोंदीचा इंग्रजीत सारांश करायला बसवले.

“दिवसभर तेच केलं,” ती म्हणाली. “एका फेरफारात ए.कु.मॅ. होतं, तिथं पेन्सिलीनं खूण केली. मग जेवायला गेलो...”

मी तिला तिथेच थांबवले. “ते काय असतं?”

पुढची दहा मिनिटे ती न अडखळता बोलत होती. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी कुटुंबप्रमुख वारला, की पुष्कळदा थोरल्या मुलाचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून सातबाऱ्याला लागत असे आणि धाकट्या भावांची, बहिणींची नावे उताऱ्यावर येत नसत. पुढे उतारा नव्याने लिहिताना ती तीन अक्षरे गळून पडली, की जमीन एकट्या थोरल्याच्याच मालकीची दिसू लागते, आणि त्याच्या मुलांनी ती विकायला काढली, की मग धाकट्या शाखांचे वारस दावा घेऊन उभे राहतात. माझ्या टेबलावरचा कागद ओढून तिने एका काल्पनिक कुटुंबाची वंशावळ काढली आणि कोणाचा हक्क कुठे दडून राहतो ते मला दाखवले. मी कायद्याची अभ्यासक नाही, पण मला ते संपूर्ण समजले.

“मग पुढे?”

पुढे तिने दोन दिवस कोणाला सांगितले नाही, कारण इंग्रजीत कसे मांडावे ते सुचेना. शेवटी फर्ममधल्या जुन्या क्लार्ककाकांना मराठीत सांगितले. काकांनी तिला थेट त्याच असोसिएट बाईंसमोर उभे केले. त्यांनी नोंद पाहिली, आपल्या वरिष्ठांना बोलावले, गाव नमुना ६-क, म्हणजे वारसांची नोंदवही, मागवण्याचे ठरले आणि अहवालाचा एक परिच्छेद बदलला.

“हे तू मला पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीस?”

“त्यात काय सांगायचं, मॅडम? ते तर कोणालाही येतं.”

“त्या खोलीत कोणाकोणाला येत होतं?”

ती थांबली. “कोणालाच नाही. पण ते काही लॉ नाही ना! ते मला बाबांजवळ बसून आलंय.”

तिचे वडील तहसील कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसणारे दस्तलेखक आहेत. सातवीपासून दर सुट्टीत ती त्यांच्या शेजारी बसून खरेदीखते, वाटणीपत्रे, वारसनोंदीचे अर्ज वाचत आलेली आहे. फर्ममधल्या पहिल्या दिवशी कोणी वडिलांबद्दल विचारले, तेव्हा तिने ‘लीगल फील्डमध्ये आहेत’ एवढेच सांगितले होते. हे मला सांगताना ती रडली. त्या आधीच्या दोन्ही भेटींत तिच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते. मी तिला रडू दिले आणि त्या दिवशी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही.

या मुलांची खरी अडचण मला अशाच संवादांतून उमगत गेली आणि ती कोणत्याही पुस्तकात मी वाचलेली नाही, म्हणून थोडी सविस्तर सांगते. बाहेरून आलेला विद्यार्थी आपल्याला जे येत नाही त्याला ज्ञान म्हणतो आणि जे येते त्याला ‘घरचे’, ‘सवयीचे’, ‘कोणालाही येणारे’ म्हणून हिशेबातून वगळतो. असा हिशेब कितीही वेळा मांडला तरी बाकी शून्यच येणार. वकिलाच्या घरातला मुलगा रात्री जेवताना वडिलांकडून जे ऐकतो, ते त्याच्या खाती कायद्याची जाण म्हणून जमा होते. दस्तलेखकाच्या मुलीने तहसीलबाहेर बसून जे आत्मसात केले, ते मात्र ती स्वतःच वजा करते. फर्मने तिला कमी लेखले असेल किंवा नसेल, पण तिने स्वतःला कमी लेखण्याचे काम मुंबईची गाडी पकडण्यापूर्वीच सुरू केले होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक असते. ‘मला काहीच येत नाही’ हे वाक्य काढून त्याच्या जागी ‘मी सगळ्यांपेक्षा सरस आहे’ हे बसवले, तर पुढच्या पहिल्याच चुकीला इमारत पुन्हा कोसळते. संपूर्ण माणसाला एकदाच गुण देऊन टाकणे हीच चूक आहे, मग ते गुण शून्य असोत की शंभर. मापायचे ते एकेक काम. म्हणून पुढच्या भेटीला मी तिला ती अकरा पाने घेऊन यायला सांगितली. ही पाने तिने महिनाभर उघडलेलीही नव्हती. आता ती शांतपणे वाचू लागली आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, “उत्तर नवव्या पानावर आहे.” पहिली आठ पाने मुदतीच्या कायद्याचा इतिहास आणि निवाड्यांचे उतारे होते. बाईंना दुपारच्या बैठकीसाठी दोन परिच्छेदांचे उत्तर हवे होते, आणि तिने परीक्षेत लिहावे तसे लिहिले होते. ही उणीव खरी होती आणि सरावाने भरून निघणारी होती. तिचे इंग्रजीही काही ठिकाणी कच्चे होते, हेही आम्ही मान्य केले. राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा ती भाषा शिकण्याला पर्याय नाही. पण राज्य शासनाने १९९८ साली अधिसूचना काढून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवलेली आहे, आणि ज्या कागदांवर तिथले जमिनींचे बहुसंख्य वाद उभे असतात ते कागद मराठीतच आहेत. इंग्रजी सुधारायला हवे, हे सत्य. म्हणून मी नालायक, ही जोड आपली.

ज्यांची इंटर्नशिप अजून व्हायची आहे, त्यांनी काही गोष्टी आधीपासून मनात ठेवाव्यात. काम हाती आले, की ते कोणासाठी आहे, किती लांबीचे हवे आणि केव्हा हवे, हे तिथेच विचारून घ्यावे आणि काय समजले ते आपल्या शब्दांत एकदा परत सांगावे; यात कमीपणा नाही, उलट देणाऱ्याचा वेळ वाचतो. उत्तर पहिल्या पानावर द्यावे आणि त्याचा आधार मागाहून जोडावा. फर्ममधले वकील आपल्या तासांचा हिशेब देण्यास बांधलेले असतात, त्यामुळे ते वर्गातल्या प्राध्यापकासारखे शिकवतील ही अपेक्षा चुकीची आहे, आणि त्यांनी शिकवले नाही म्हणजे तुच्छ लेखले असेही समजू नये. पानांना क्रमांक घालायला दिले, तर निव्वळ क्रमांक घालू नयेत. कोणत्या कागदामागे कोणता कागद लावला आहे, तारखांची यादी कुठून सुरू केली आहे, एखादी नोटीस पुढे का घेतली आहे, हे पाहावे; दावा कसा उभा करतात हे त्या गठ्ठ्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते. रोज संध्याकाळी त्या दिवशी काय केले, काय नवे कळले आणि काय कळले नाही, एवढेच वहीत लिहावे, स्वतःला कोणतेही विशेषण न लावता. वैष्णवीने अशी वही ठेवली असती, तर ए.कु.मॅ.ची नोंद आम्हाला पहिल्याच भेटीत सापडली असती.

मात्र प्रत्येक दुःख विचारांतूनच येते, असा अर्थ कोणी काढू नये. चारचौघांत अपमान होत असेल, किंवा कोणाचे वागणे अश्लाघ्य असेल, तर तो दोष समोरच्याचा आहे आणि तिथे विचार बदलण्याची नाही, तर तक्रार करण्याची गरज असते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी महिलेलाही संरक्षण देतो, मग तिला मानधन मिळत असो वा नसो, आणि अंतर्गत समितीकडे जाण्याचा तिला हक्क आहे. पालकांनी याबाबत मुलीला घरातूनच धीर द्यावा. मुलगा असो वा मुलगी, परत आल्यावर ‘पैसे मिळाले का, पुढे नोकरी देणार का’ हे पहिले प्रश्न नसावेत. काय पाहिलेस, कोणता कागद नवा वाचलास, हे विचारावे आणि ऐकून घ्यावे.

वैष्णवीने अभ्यासक्रम सोडला नाही. संपूर्ण शिक्षणकाळात निदान एकदा तरी खालच्या आणि अपील न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांकडे इंटर्नशिप करावी, असेही परिषदेच्या नियमांत आहे. त्याप्रमाणे डिसेंबरच्या सुट्टीसाठी तिने जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवणाऱ्या एका वकिलांकडे अर्ज केला. अर्जाचा मसुदा दाखवायला ती माझ्याकडे आली होती. जुने हस्तलिखित फेरफार आणि वारसनोंदी वाचता येतात, त्यांचा इंग्रजी सारांश करता येतो आणि हे शिक्षण दस्तलेखक असलेल्या वडिलांकडून मिळाले, असे तिने दुसऱ्याच परिच्छेदात इंग्रजीत लिहिले होते. त्यातल्या दोन व्याकरणाच्या चुका आम्ही मिळून दुरुस्त केल्या आणि तिने तो तिथूनच पाठवला.