आजीची भाकरी आणि बाबाची शुगर

मनू,

काल आजीचा व्हिडीओ कॉल संपल्यावर तू विचारलंस, "आजी म्हणते आपलं मराठी जेवण सगळ्यात हेल्दी, मग आजोबांना, काकाला आणि आता तुला पण शुगर कशी?" मी तेव्हा फोनमध्ये तोंड घातलं कारण उत्तर सुचलं नाही. आता लिहितोय, अडलं तर आई वाचून दाखवेल.

आजी खोटं नाही बोलत गं, पण ती सांगते ते तिच्या लहानपणचं जेवण. आम्ही देशावरचे, म्हणजे ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची, सोबत पिठलं नाहीतर आमटी, पालेभाजी, बुक्कीने फोडलेला कांदा, ताक. गव्हाची पोळी सणाला आणि भात पाहुणे आले की. वर दिवसभर शेतात राबायचं, विहिरीचं पाणी शेंदायचं. मग रेशनवर गहू-तांदूळ आले, हातात पैसा आला, भाकरी गरिबाची ठरली, मी स्वतः डब्यात भाकरी न्यायला लाजायचो शाळेत. काम झालं खुर्चीतलं, दोन पोळ्यांवर परत भात, आणि चार वेळा साखरेचा चहा, सोबत बिस्किटं, तो तर कोणी खाण्यात धरतच नाही! नाव मराठी जेवणाचंच राहिलं, ताट मात्र बदललं.

तुला ताट वाढायला शिकवलंय ना, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी? ती कोशिंबीर आता चमचाभर, शोभेपुरती असते. मी हल्ली वाटीभर घेतो आणि ती, भाजी, उसळ आधी खाऊन मग पोळीला हात लावतो, कारण तसं खाल्लं की जेवणानंतरची साखर कमी चढते, माझ्या मशीनवर पण दिसतं ते. आजीला वाटतं मला पोळी आवडली नाही.

"मी तर बारीक आहे, मला काय होतंय" हे माझंच वाक्य होतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात स्वतःचेच आकडे छापले होते, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सेम, २२.३, पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! आपल्याकडे वजनकाटा असा फसवतो. २०२३ मध्ये आयसीएमआरची, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची, पाहणी आली त्यात भारतात दहा कोटींवर लोकांना डायबिटीस निघाला, त्यातले कितीतरी माझ्यासारखे "बारीक" असणार.

आणि आजी चौऱ्याऐंशीची झाली ती भाकरीमुळेच, असं मी म्हणणार नाही. तिच्या दोन भावांनी तीच भाकरी खाल्ली, दोघांनीही साठी बघितली नाही, तंबाखू होती तोंडात. पण ती संध्याकाळी सातला जेवते आणि नंतर काही तोंडात टाकत नाही, हे मात्र मी लहानपणापासून बघतोय, आणि मी इथे साडेनऊला जेवून दहाला आडवा होतो.

राहिलं "अजून अर्धी घे". पोटभर मिळणंच अवघड होतं तेव्हाचा आग्रह आहे तो, म्हणून तिला नको म्हणताना हळू म्हण, मला अजून जमत नाही.

शनिवारी ती कॉलवर तुला भाकरी थापायला शिकवणार आहे. परात नाहीये आपल्याकडे, ओव्हनचा मोठा ट्रे चालेल का ते तूच विचार, मी विचारलं तर हसेल.

बाबा