बजेट कमी असेल तर आधी ग्राफिक्स कार्ड ठरव

हे बघ, गेमिंगसाठी पीसी जोडायचा असेल तर सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं तयार करणारा पार्ट) ठरव, उरलेल्या पैशांत बाकीचं बसव. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर खेळायला आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड आणि रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ही जोडी छान चालते. प्रोसेसरच्या बॉक्समधला कूलरही पुरतो. रॅमची १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८च्या दोन घे, ड्युअल चॅनेलमुळे (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात) सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स वाढतात, गेम स्मूद चालतो. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू कर, नाहीतर ३२०० स्पीडची रॅम कमी स्पीडवरच रखडते.

पॉवर सप्लायमध्ये मात्र कंजुषी अजिबात करू नकोस. कॅबिनेटसोबत फुकट येणारा तर नकोच, तो जळताना बाकीचे पार्टही घेऊन जाऊ शकतो. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घे. रंगीत दिव्यांचे पैसे एसएसडीत (वेगवान स्टोरेजमध्ये) घाल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये घेतलंस तर जीएसटीचं पक्कं बिल माग, वॉरंटीला लागतं.