आजीच्या वह्या

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझी आजी, म्हणजे माझ्या बाई, गेल्या हे अजून माझ्याच अंगवळणी पडलेलं नाही. परवा एका मुलाबद्दल अडले होते, आणि हात आपसूक फोनकडे गेला.

शोकसभेत आजीबद्दल काय बोलू, असं तू विचारलंयस. कपाटाच्या खालच्या खणात तिच्या शाळेतल्या समुपदेशनाच्या वह्या सापडल्या, त्यातल्या मुलांच्या गोष्टी नावं बदलून सांगितल्या तर चालतील का, हेही विचारलंयस. आधी वह्यांचं सांगते. बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

नको. त्या पुन्हा उघडूही नकोस. दोन पानं वाचलीस त्याबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. आजीचं अक्षर दिसल्यावर कुणाचा हात थांबेल? पण अक्षर तिचं असलं तरी गोष्टी तिच्या नाहीत. ज्या मुलांनी दार लोटून घेऊन त्या सांगितल्या, त्यांच्या त्या आहेत. आणि नाव बदलल्याने कुणी लपत नाही. कुणाचे वडील घर सोडून गेले, परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी काय केलं, हे वर्गातल्या चौघांना तरी माहीत असतंच. ती मुलं आज चाळिशीला आली असतील. सभेला येऊन तिसऱ्या रांगेत बसतील आणि आपलंच दुःख माइकवरून ऐकतील. बाईंच्या आठवणीसाठी बाईंनी दिलेला शब्द मोडायचा, हे मला पटत नाही.

आपल्या पश्चात समुपदेशनाला आलेल्यांची गुप्तता कशी राखली जाईल याची काळजी समुपदेशकाने हयातीतच घ्यावी, असं अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलेलं आहे. बाईंनी ते केलं नाही. निवृत्तीनंतर वह्या घरी राहिल्या, मग आजारपण आलं. ही त्यांची चूक होती, आणि त्या असत्या तर त्यांनी स्वतःच ती आधी कबूल केली असती. आता ती तुला निस्तरायची आहे. वह्या कागदात गुंडाळून दोरीने बांध, वर सही कर आणि शाळेत आता जे समुपदेशक आहेत त्यांच्या हातात दे. ठेवायच्या की नष्ट करायच्या, ते शाळा नियमाप्रमाणे ठरवील. पोच मात्र लेखी घे.

मी इतकी ठाम का, तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाने मला घरातलं काहीतरी सांगितलं. त्याला वर्गात सांभाळून घ्यावं, एवढ्याच हेतूने मी ते शिक्षकांच्या खोलीत दोघींपाशी बोलले. आठवड्याच्या आत ते त्याच्या कानावर गेलं. त्यानंतर तो माझ्याकडे कधीच आला नाही. जिन्यात समोर आला की भिंतीकडे बघत जायचा. बाई मला कुणादेखत काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी खोली आवरताना एवढंच म्हणाल्या, "त्याने तुझ्यावर ठेवलेला विश्वास तू वाटून टाकलास." तीस वर्षं झाली. तो मुलगा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग बोलायचं काय? बाई काम कशा करायच्या, ते बोल. ते कुणाचं गुपित नाही, आणि ते सांगणारे फार थोडे उरलेत.

त्यांच्या खोलीत टेबल भिंतीला लावलेलं असायचं. खुर्च्या समोरासमोर कधीच नाहीत. दोन्ही थोड्या तिरप्या, खिडकीकडे तोंड करून. मुलाला वाटलं तर त्याने बाईंकडे बघावं, नाहीतर बाहेर. घड्याळ मुलाच्या खुर्चीमागे, म्हणजे मान न वळवता बाईंना वेळ कळायची आणि आपण घाई करतोय असं मुलाला वाटायचं नाही. आणि तो पत्र्याचा डबा! टोकं मोडलेल्या पेन्सिलींनी भरलेला. मूल गप्प बसलं की बाई डबा आणि शार्पनर पुढे सरकवायच्या, "जरा मदत करतोस का?" म्हणायच्या, आणि स्वतःही एक पेन्सिल घ्यायच्या. दोघं टोकं काढत बसायचे. कधी तिसऱ्या पेन्सिलीला बोलणं सुरू व्हायचं, कधी तास संपेपर्यंत नाही. "आज चौदा झाल्या," असं म्हणून त्या त्याला वर्गात पाठवायच्या. तो दुसऱ्या दिवशी यायचा. डबा रिकामा होऊ नये म्हणून त्या घरून पेन्सिली मोडून आणायच्या, हे तुला ठाऊक होतं का? तुझ्या आईला ठाऊक आहे. लहानपणी ते काम तिच्याकडेच होतं.

पहिल्या भेटीत त्या प्रत्येक मुलाला एकच गोष्ट सांगायच्या: इथलं इथेच राहील. पण तुला कुणी इजा करत असेल, तू स्वतःला करणार असशील किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला ते सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुला सांगीन. या अटीपायी काही मुलं त्यांच्यावर चिडली. पालकही भांडायला आले. बाई हटल्या नाहीत. हे सभेत जरूर सांग, कारण माणसं त्यांना नुसतं 'प्रेमळ' म्हणून मोकळी होतील.

त्यांची नेमणूक झाली ती खरं तर विषयनिवडीचे आणि कल चाचण्यांचे कागद भरून घेण्यासाठी. शालेय समुपदेशनाचं मूळच व्यवसाय मार्गदर्शनात आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनला तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं, तिथपासूनची ही वाट. मुलं कागद घेऊन यायची आणि दारात घुटमळायची. बाईंना ते घुटमळणं दिसायचं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या, समुपदेशकाकडे हव्यात अशा तीन गोष्टी तू आता अभ्यासतेयस: खरेपणा, विनाअट स्वीकार, समानुभूती म्हणजे समोरच्याच्या जागी उभं राहून त्याला समजून घेणं. परीक्षेत त्या तू नीट लिहिशीलच. त्या दिसतात कशा, असं कुणी विचारलं तर मला तो पत्र्याचा डबा आठवतो. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, असं अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना सुचवते. बाईंकडे हजाराच्या वर होते. मी उगाच मोठेपणा देत नाही. त्याची झळ कुणालातरी बसलीच.

ती तुमच्या घराला बसली. आता जरा अवघड लिहिते. तुझी आई आणि मामा शोकसभेत बोलायला तयार नाहीत, याचं तुला वाईट वाटतंय. त्यांना आग्रह करू नकोस. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचं ऐकून आलेली बाई घरी दमून यायची आणि मग घर हुकमावर चालायचं. कुणी काय शिकायचं, कुणी कुठे राहायचं, भावंडांच्या भांडणात कुणी माफी मागायची, सगळं ती ठरवायची. शाळेत मुलाला तासभर गप्प बसू देणारी आजी घरी उत्तराला दोन मिनिटंही थांबत नसे. तुझ्या आईने एकदा मला विचारलं होतं, "तिच्या खोलीत शिरायला आम्हालाही चिठ्ठी लागते का गं?" मी काय बोलणार! तरी सगळ्यांची फी वेळेवर गेली ती तिच्यामुळे, तुझे आजोबा अंथरुणाला खिळल्यावर घर उभं राहिलं ते तिच्यामुळे, आणि रुसून दूर गेलेला तुझा मामा परत आला तोही तिच्या एका पत्रामुळे. दोन्ही खरं आहे. सभेत दोन्ही सांगता आलं तर बघ. नाही जमलं तर निदान 'घराचा वटवृक्ष' म्हणू नकोस. सावलीत वाढणं किती कठीण असतं ते त्या दोघांनाच माहीत आहे.

आणि तुझं स्वतःचं. "मी यातून बाहेर कधी येणार," असं लिहिलंयस. गेलेल्या माणसाशी नातं तोडलं की शोक संपतो, असं पूर्वी मानत. शोकाचा अभ्यास करणाऱ्या क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी १९९६ मध्ये उलट मांडणी केली: ते नातं राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं. मी अजून बाईंना प्रश्न विचारते. उत्तरही बहुतेक वेळा येतं, आणि ते मला आवडणारं नसतं.

सभा संपल्यावर लगेच निघू नकोस. कुणीतरी मागे रेंगाळेल. "बाईंनी माझ्यासाठी खूप केलं," एवढंच म्हणेल आणि गप्प होईल. काय केलं, ते विचारू नकोस. शेजारी उभी राहा. जमलं तर तो डबा तिथे टेबलावर ठेव, शार्पनरसकट.

शाळेत वह्या द्यायला जाशील तो दिवस मला कळव. मीही येते. गठ्ठा जड असेल, एकटीला पेलवायचा नाही.

तुझ्या आजीच्या खोलीतली धाकटी,
मावशी