राकू या जपानी पद्धतीचे मातीचे चहाचे वाडगे कुंभाराच्या चाकावर का घडवत नाहीत?

चाक येत नाही म्हणून नव्हे! सोळाव्या शतकात क्योतोत चोजिरो या कारागिरानं चहागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी हे वाडगे घडवले, तेही चाकाविना. माती तळहातांनी दाबत उभी करायची, थोडी सुकली की आतून-बाहेरून कोरायची.

कारण वाडगा दोन्ही हातांत धरून त्यातला चहा प्यायचा असतो. जाड, सच्छिद्र भिंतीतून उष्णता सावकाश येते, चटका बसत नाही. आत चहाची पूड पाण्यात घुसळायची बांबूची घुसळणी फिरेल एवढा सपाट तळ हवा. माझा सगळ्यात जास्त वेळ मात्र बुडाच्या कड्यावर जातो, कारण पाहुणा चहा संपल्यावर वाडगा उलटा करून तेच बघतो. एकदा कोरता कोरता तळाला भोकच पडलं. माती परत बादलीत.

भट्टीतून लालबुंद वाडगा चिमट्यानं बाहेर काढतात, तेव्हा काही तडकतातच. नंतर भुशात धुरवणं ही मात्र १९६०च्या सुमाराची अमेरिकी भर आहे, जपानी परंपरा नव्हे. लोक हे सर्रास गल्लत करतात.

आणि हो, राकू कमी तापमानाला भाजलेलं असल्यामुळे पाणी शोषतं. वापरून झालं की नीट वाळवा, ओलं कपाटात ठेवू नका.